दोष वयाचा नव्हे

लग्नाला नको, देवळात नको, एसटीचा प्रवास तर नकोच. घरातल्या आजी-आजोबांनी असे एकेक नकार द्यायला सुरुवात केली की आपण ते हट्टीपणात जमा करतो. पुष्कळदा खरे कारण त्यांच्या ओठांवर येत नाही: शौचावरचा ताबा सुटलेला असतो. ‘वय झालं, चालायचंच’ हे त्यावरचे आपले ठरलेले उत्तर. वैद्यकशास्त्राचेही बराच काळ हेच उत्तर होते. ते कसे बदलत गेले, याचा हा मागोवा.

सुरुवात 1935 पासून करावी लागते. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या अनाथ-निराधारांच्या इस्पितळातले सातशेहून अधिक रुग्ण आले. बहुतेक वृद्ध, वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले, कित्येकांचे मलमूत्र जागच्या जागी. डॉ. मार्जरी वॉरेन यांनी प्रत्येकाची नीट तपासणी केली, त्यांना उठवले, बसवले, चालायला लावले. त्यातले बरेच जण सावरून घरी गेले. वृद्धांच्या वैद्यकाची पायाभरणी इथे झाली. पुढे डॉ. बर्नार्ड आयझॅक्स यांनी वार्धक्यातल्या बलाढ्य संकटांची यादी केली, तेव्हा हालचाल थांबणे, तोल जाणे आणि बुद्धीला ग्रहण लागणे यांच्या पंक्तीला त्यांनी मलमूत्रावरचा ताबा सुटणेही बसवले.

ताबा नेमका का सुटतो, याचा शोध लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात लागत गेला. 1970च्या दशकात सर्जन ॲलन पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुदद्वाराच्या स्नायूंना जाणाऱ्या मज्जातंतूंच्या इजेकडे बोट दाखवले. मग आतून सोनोग्राफी करण्याचे तंत्र आले आणि 1993 साली डॉ. अब्दुल सुलतान यांच्या अभ्यासाने प्रसूतिशास्त्राला हादरा दिला. पहिल्या बाळंतपणानंतर तपासलेल्या स्त्रियांपैकी 35 टक्के जणींच्या गुदद्वाराच्या स्नायूला वरून न दिसणारी फाट होती. चिमटा लावून झालेल्या बाळंतपणांत तर दहापैकी आठ जणींना. यांतल्या बहुतेकींना त्या वेळी काहीच त्रास नव्हता. तरुणपणी बाकीचे स्नायू ती उणीव भरून काढतात. पुढे वयाबरोबर तेही अशक्त होतात आणि जुनी इजा डोके वर काढते. आपल्याकडे घरीच पाच-सहा बाळंतपणे झालेल्या, टाके न घातलेल्या आज्या आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या आजच्या त्रासाची मुळे तिथवर जाऊ शकतात.

हा त्रास किती जणांना असतो, हे मोजायला आणखी वेळ लागला. अमेरिकेतल्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष 2009 साली आले: घरी राहणाऱ्या प्रौढांत 8.3 टक्के, सत्तरी ओलांडलेल्यांत 15.3 टक्के. पुरुषांचे प्रमाण स्त्रियांपेक्षा थोडेच कमी होते, म्हणजे हा केवळ बाळंतपणाचा प्रश्न नाही. पातळ शौच, लघवीवरचाही ताबा सुटणे आणि एकाच वेळी अनेक जुनाट आजार असणे हे जोखमीचे ठळक घटक ठरले. मधुमेह, पक्षाघात, स्मृतिभ्रंश, गुदद्वारावरची शस्त्रक्रिया, प्रोस्टेटसाठी घेतलेले रेडिएशन हेही त्यात येतात. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने काहींना शौच पातळ होते. दुखरे गुडघे आणि अंधारातला लांबचा संडास यांचाही वाटा असतोच: कळ आल्यावर उठायचे, काठी शोधायची, पायजम्याची नाडी सोडायची, तेवढ्यात उशीर झालेला असतो.

एका कारणाबाबत हमखास फसगत होते. बद्धकोष्ठतेने मोठ्या आतड्याच्या टोकाशी मळाचा कडक गोळा अडकतो. तिथली जाणीव बोथट होते आणि वरचा पातळ मळ गोळ्याच्या कडेने झिरपत राहतो. घरच्यांना वाटते जुलाब लागले. जुलाब थांबवायची गोळी दिली जाते आणि गोळा आणखी घट्ट होतो. डॉक्टरांनी बोटाने केलेल्या दोन मिनिटांच्या तपासणीत हे बहुधा उघड होते.

उपचारांचा प्रवास मात्र गुंतागुंतीकडून साधेपणाकडे झाला. शस्त्रक्रिया आल्या, 1995 साली जर्मनीत माकडहाडाच्या वरच्या मज्जातंतूंना विद्युत संदेश देणारे यंत्र बसवून पाहिले गेले आणि निवडक रुग्णांना ते आजही उपयोगी पडते. पण 2015 साली अमेरिकेत लोपरामाइड हे जुलाब थांबवणारे औषध आणि इसबगोल यांची तुलना झाली, तेव्हा दोन्हींचा गुण सारखाच आला. औषधाने बद्धकोष्ठता मात्र जास्त झाली. उत्तर गुजरातेत पिकणारे, आपल्या घराघरांत असलेले हेच इसबगोल. जोडीला जेवणानंतर ठरावीक वेळी शौचाला बसणे, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, औषधांचा फेरआढावा, संडासात धरायला दांडी आणि रात्री दिवा, एवढ्याने अनेकांचे दिवस पालटतात. शौचातून रक्त पडत असेल, वजन घटत असेल किंवा त्रास अचानक सुरू झाला असेल, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टर गाठावेत.

इतके कळूनही एक अडसर तसाच आहे. 1996 साली अमेरिकेत दवाखान्यात आलेल्या रुग्णांना मुद्दाम विचारले, तेव्हा शंभरात अठरा जणांना हा त्रास निघाला. त्यांतल्या जेमतेम एक तृतीयांश लोकांनी तो डॉक्टरांना सांगितला होता. आपल्याकडे लाज याहून मोठी आहे. म्हणून बोलण्याची जबाबदारी वृद्धांवर टाकू नये. डॉक्टरांनी रक्तदाब मोजताना हेही विचारावे. घरातल्या मुला-सुनांनी, लेकींनी रागावण्याआधी, डायपरचे पाकीट आणण्याआधी जवळ बसून विचारावे: ‘संडासला जाईपर्यंत थांबता येतं ना?’ हो-नाहीच्या पुढे जे सांगितले जाईल ते नीट ऐकावे आणि त्याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जावे.