बेसबॉल: वादातले आकडे

• बॅटिंग अ‍ॅव्हरेज: हिट भागिले अ‍ॅट-बॅट. क्रिकेटच्या सरासरीशी संबंध नाही; .300 म्हणजे उत्तम. चार चेंडू बाहेर पडल्यावर मिळणारा 'वॉक' यात धरत नाहीत, ऑन-बेस टक्केवारीत धरतात. जुन्या-नव्या चाहत्यांचं भांडण बहुधा इथूनच सुरू होतं. अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये .400 ओलांडणारा शेवटचा फलंदाज: टेड विल्यम्स, 1941 (.406).

• ईआरए: पिचरने दर 9 इनिंगमागे दिलेल्या धावा, क्षेत्ररक्षणातल्या चुकांमुळे गेलेल्या वगळून.

• 50-50: एका हंगामात 50 होमरन आणि 50 चोरलेले बेस. आजवर एकच: शोहेई ओतानी, 2024 (54 आणि 59).

• पिच क्लॉक: 2023पासून. बेस रिकामे असताना 15 सेकंदांत चेंडू टाकणं बंधनकारक. सामने सरासरी 24 मिनिटांनी आटोपशीर झाले.

• ऑलिंपिक: 2028, लॉस एंजेलिसमध्ये पुनरागमन.