थांब म्हटल्यावर थांबणारं

तूर काढून मोकळं झालेलं काळं रान. एका अंगाला पऱ्हाट्या अजून उभ्या आहेत, दुसऱ्या अंगाला ज्वारी हुरड्यात आलेली. तलवाड्याच्या शिवारात गोदावरीकडून गार वारा येतोय आणि बांधावर थोडी माणसं, थोडी कुत्री उभी आहेत. कुणी मोठ्यानं बोलत नाही. मेजरनी तसं आधीच बजावलंय.

मेजर श्वानपथकातून निवृत्त झालेले. मेरठला रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात शिकले, पुढं सुरुंग हुंगणाऱ्या लॅब्रडॉरबरोबर नोकरी केली. पंचक्रोशीतली पोरं आपापली कुत्री घेऊन त्यांच्याकडं येतात. आज त्या कुत्र्यांची परीक्षा आहे.

माझ्याकडं कुत्रं नाही, म्हणून डमी फेकायचं काम माझ्याकडं आलंय. जुन्या पायमोज्यात कापूस ठासून वर सुतळी आवळलेली, ही डमी. या विद्येत शिरायची वाट सगळीकडं अशीच, हाताखालच्या कामातून. इंग्लंडात 1865 साली बेडफर्डशरमधल्या साउथिलला पॉइंटर-सेटर कुत्र्यांची पहिली फील्ड ट्रायल, म्हणजे अशीच रानातली परीक्षा, झाली. तिथल्या चाचण्यांत आजही नवखा माणूस आधी रान उठवायला नाहीतर पडलेले पक्षी वाहायला उभा राहतो, आणि बघत बघत शिकतो. आपल्याकडं पक्षी पाडायचा प्रश्नच नाही. वन्यजीव कायद्यानं शिकार बंद केली, ते योग्यच झालं. म्हणून हा कापसाचा पक्षी.

मेजरची काळी लॅब्रडॉर त्यांच्या डाव्या पायाशी बसलीय. मी डमी उंच फेकतो. ती पऱ्हाट्यांपलीकडं पडते. कुत्रीचे कान उभे राहतात, पुढचे पंजे मातीत रुततात, पण बूड जागचं हलत नाही. मेजर गप्प. आम्ही सगळे गप्प. बराच वेळ जातो, मग ते हळूच म्हणतात, "जा."

ती सरळ डमीकडं जात नाही. वाऱ्याच्या खालच्या अंगाला उतरते, तिथून नाक उचलून आडवी-तिडवी वास कापत वर चढते. पऱ्हाट्यांत शिरते, एकदा पुढं निघून जाते, जागीच वळते आणि डमी उचलते. येताना धावते, पण तोंडातली वस्तू चावत नाही. मेजर डमी हातात घेऊन सुतळीवरून बोटं फिरवतात. दातांची खूण नाही. खऱ्या ट्रायलमध्ये पंच असाच पक्ष्याच्या बरगड्या चाचपतो. त्या कुत्र्याच्या दातांखाली चेंगरलेल्या निघाल्या तर ते कुत्रं बाद, कितीही चपळ असलं तरी.

आता पाळी कारवानी कुत्र्याची. उंच, पोट आत ओढलेलं, लांब निमुळतं तोंड. ही जात नाकापेक्षा डोळ्यांवर चालणारी. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी हिचीच जोपासना केली, म्हणून तिकडं हिला मुधोळ म्हणतात. 2016 मध्ये फौजेनं मुधोळची पिल्लं मेरठला नेऊन शिकवायला घेतली, हे मेजर पोरांना अभिमानानं सांगतात. कुत्र्याचा धनी विशीतला पोरगा. तो गळ्यातला दोर सोडतो, "बैस" म्हणतो. कुत्रं बसतं. मी हात मागं नेतो, आणि तेवढ्यात ज्वारीच्या कडेनं ससा उठतो.

कुत्रं गेलंच. पोरगा शीळ घालतो, हाका मारतो. काही उपयोग नाही. चार झेपांत निम्मं रान मागं पडतं. बांधावरून आपोआप "वा!" निघतं, आणि खरंच, असं धावणं डोळ्यांचं पारणं फेडतं. नशिबानं ससा पऱ्हाट्यांत घुसतो, नजरेआड होतो, आणि कुत्रं गोंधळून उभं राहतं.

"बाद," मेजर म्हणतात.

"पण काका, पळालं कसं बघितलं ना?"

"पळणं त्याच्या रक्तातच हाय, बाळा. तू काय शिकवलंस ते दाव."

पोरगा मान खाली घालतो. मला मेजरचं म्हणणं मनापासून पटतं. या शिवारात कुत्र्याला आज काम आहे ते रानडुकरांना पिकातून हुसकायचं, शेरडं-करडं सांभाळायचं. हाकेला न थांबणारं कुत्रं एखादं हरणाचं पाडस फाडेल आणि गुन्हा धन्यावर दाखल होईल. कारवानीला लॅब्रडॉर करायचं नाही. डमी आणली नाही तरी चालेल. पण सुटलेला ससा दिसत असताना त्याला जागेवर बसता आलं, तरच ही जात गावात मानानं राहील. नुसत्या शर्यतीसाठी ती पाळणारे तिचं वाटोळं करतायत.

मेजर पोराला जवळ बोलावतात. "भाकरीचं भगुनं म्होरं ठेवायचं. तू म्हणस्तोवर तोंड लावू द्यायचं नाही. आधी थोडा वेळ, मग वाढवत जायचं. ते जमलं की कोंबड्यांम्होरं बसव."

"आन् ससा निघाला तर?"

"तवर लांब दोर बांधूनच रानात आणायचं. दोराचं टोक तुझ्या पायाखाली."

पोरगा मान डोलावतो आणि कुत्र्याच्या पायातले काटे बघायला खाली बसतो. मेजर माझ्याकडं वळतात. पुढचं कुत्रं गावठी आहे, त्याचा धनी मेंढरांवर असतो, आणि डमी यावेळी ओघळीच्या पार टाकायची आहे. मी चपला घट्ट करून ओघळीकडं निघतो.