रंग पाहू नका, तकवा पाहा

गुजरातेत गीरच्या जंगलालगत जांबूर नावाचे लहानसे गाव आहे. तिथली बहुतेक वस्ती सिद्दी मुसलमानांची. त्यांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून आले. कोणी गुलाम म्हणून, कोणी सैनिक म्हणून, कोणी खलाशी म्हणून. आज त्यांची बोली गुजराती आहे. धमालचा ताल आणि नगारची पीरांचा दर्गा त्यांनी जपला आहे. याच गावातल्या हिराबाई लोबी यांनी सिद्दी स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभे केले. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तरीही केस आणि वर्ण पाहून सिद्दींना “तुम्ही कोणत्या देशाचे?” असे विचारणारे भेटतातच.

पण दोष फक्त परक्यांचा आहे का? हजरत बिलाल (रजि.) यांचे नाव आम्ही आदराने घेतो. १६१० साली खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवणारा मलिक अंबर हबशी होता, हेही अभिमानाने सांगतो. आणि मुलाचा रिश्ता पाहताना मात्र “मुलगी गोरी हवी, बिरादरीतली हवी” असे आम्हीच म्हणतो! सूरह हुजुरातने मोठेपणाची कसोटी तकवा ठरवली आहे. रिश्त्याच्या पुढच्या बैठकीत आम्ही पहिला प्रश्न कोणता विचारणार, हे आजच घरात ठरवू या.