उधारीची वही आणि आमचे सर्व्हर

गणेश चतुर्थीला पहाटे साडेपाचला फोन वाजला. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आई मोदकांच्या तयारीत, बाबा मखराची लाईट तपासताहेत, आणि फोनवर टीममधला मुलगा, "दादा, कोणालाच लॉगिन होत नाहीये."

दोन तासांनी कारण सापडलं. लॉगिनच्या मागे चालणाऱ्या एका सेवेच्या टीएलएस प्रमाणपत्राची मुदत संपली होती. बऱ्याच प्रमाणपत्रांची मुदत जागतिक वेळेप्रमाणे मध्यरात्री संपते, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच. आठवणीचा मेल वेळेवर गेला होता, पण नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या पत्त्यावर. तो पत्ता तिथे मीच घातला होता, "सध्या राहू दे" म्हणत. मी लॅपटॉप मिटला तेव्हा आरती संपून प्रसाद वाटला जात होता. बाबा काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

या "सध्या राहू दे"ला आमच्या क्षेत्रात टेक्निकल डेट म्हणतात, म्हणजे तांत्रिक उधारी. ही उपमा वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रॅमरने 1992 मध्ये दिली. घाईत केलेलं काम म्हणजे कर्ज, ते फेडेपर्यंत व्याज भरत राहायचं. त्याचं बोलणं कोडबद्दल होतं. आमची टीम सर्व्हर, नेटवर्क, बॅकअप सांभाळते. आमची उधारी कोडमध्ये शोधून सापडत नाही.

मी आधी सगळ्या मशीनची यादी केली. सेंटओएस 7 ची मुदत 30 जून 2024 ला संपली, तरी त्यावर चालणारी तीन मशीन निघाली. हे सोपं होतं. खरी उधारी निघाली ती चहा घेत विचारलेल्या प्रश्नांतून. "कोणतं मशीन रीस्टार्ट करायची भीती वाटते?" असं विचारल्यावर आधी शांतता, मग तिघांनी एकाच मशीनचं नाव घेतलं. ते नऊशेहून जास्त दिवस बंद झालं नव्हतं. आम्ही त्याचा अभिमान बाळगायचो! म्हणजे तेवढे दिवस त्याच्या कर्नलचे पॅच लागू झाले नव्हते, आणि बंद केल्यावर ते परत उठेल की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं.

दुसरा प्रश्न होता, "कोण रजेवर गेलं तर काम अडतं?" आमची एक सहकारी हळूच म्हणाली, "लग्नात पंधरा दिवस तरी मला फोन नको." बॅकअपमधून डेटा परत कसा आणायचा हे फक्त तिला येत होतं. दोन वर्षांत तिने सलग चार दिवसही रजा घेतली नव्हती, आणि आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. तिला लिहायला बसवलं, आणि ते वाचून आम्ही डेटा परत आणून पाहिला. रोज "यशस्वी" म्हणणाऱ्या बॅकअपमध्ये एक डेटाबेस नव्हताच. तो नव्या डिस्कवर हलवला होता, बॅकअपला कोणी सांगितलं नव्हतं.

मग वही केली, आजोबांच्या दुकानाच्या खतावणीसारखी. प्रत्येक उधारीपुढे मुद्दल, म्हणजे दुरुस्तीला किती दिवस. आणि व्याज, म्हणजे दरमहा किती तास जातात. दर मंगळवारी भरलेल्या डिस्कवरून लॉग हाताने पुसायला वीस मिनिटं जायची, कायमच्या दुरुस्तीला अर्धा दिवस. ते आधी फेडलं. एक जुना रिपोर्ट सर्व्हर मार्चमध्ये बंदच होणार होता, त्याला हात लावला नाही. "सिस्टीम जुनी झालीय" म्हटल्यावर आमचे मॅनेजर नुसती मान हलवायचे. तासांचा आकडा पाहून त्यांनी दर पंधरवड्याला दोन दिवस दिले.

प्रमाणपत्रांचं नूतनीकरण आता आपोआप होतं. तसंही हाताने जमलं नसतं. सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत 398 दिवसांवरून 15 मार्च 2026 पासून 200, 2027 मध्ये 100 आणि 2029 मध्ये 47 दिवस, असं ठरलंय.

सहकारीच्या लग्नाच्या आठवड्यात बॅकअपचं काम निघालंच. तिने लिहिलेला कागद घेऊन मी बसलो. सातवी पायरी राहिली होती. तिला फोन न करता अर्ध्या तासाने ती सापडली, आणि मी कागदावर लिहून टाकली.