काळी खपली आणि राहून गेलेला प्रश्न



पावसाळा अर्धा सरला की लकडगंजातल्या आमच्या दोन खोल्यांमध्ये गर्दी वाढते. बाहेर लाकडाचे टाल आणि आरा मशीनचा आवाज, आत गडचिरोलीकडून आणि मेळघाटातून आलेले रुग्णांचे नातेवाईक. कुणाचा मुलगा आयसीयूत, कुणाची बायको. त्यांच्या कागदपत्रांची व्यवस्था लावणे, रक्तदाते शोधणे आणि डॉक्टरांचे बोलणे त्यांना समजावून सांगणे हे माझे काम. मी डॉक्टर नाही. तरीही या अंकात एका आजाराविषयी लिहीत आहे, कारण त्याचे निदान पुष्कळदा डॉक्टरांना मिळणाऱ्या माहितीवर अवलंबून असते आणि ती माहिती देणारा माणूस बहुधा आपल्यासारखाच कुणीतरी असतो.

2018 च्या ऑगस्टमधली गोष्ट. कोरची तालुक्यातून एक बाई नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात आणली होती. वय पस्तिशीच्या आसपास, आठ दिवसांचा ताप. डोळे पिवळे झालेले, दम लागलेला, हाक मारली तर अर्धवट डोळे उघडायची. मलेरियाची तपासणी झाली, डेंग्यूची झाली. दोन्हींत काही निघाले नाही. भारी अँटिबायोटिक सुरू होते, पण ताप हटत नव्हता. दुसऱ्या दिवशी तिला व्हेंटिलेटरवर घेतले.

दाखल करताना डॉक्टरांनी मला विचारले होते, ‘काम काय करते?’ मी तिच्या नवऱ्याला माझ्या मोडक्यातोडक्या गोंडीत विचारले आणि फॉर्मवर लिहिले, ‘शेतमजुरी’. माझ्या लेखी तो प्रश्न तिथे संपला.

तिसऱ्या दिवशी आमच्यासोबत काम करणाऱ्या एक ताई तिच्या नणंदेजवळ चहा घेऊन बसल्या. त्याही कोरचीकडच्याच. गप्पांमध्ये नणंद सांगू लागली. रोवणी आटोपल्यावर दोघी रोज जंगलाच्या कडेला बैलांसाठी गवत कापायला जायच्या. येताना वास्ते आणि सात्या आणायच्या. दुपारी तिथेच गवतात पाठ टेकायच्या. आणि हो, तापाच्या आधी वहिनीला छातीखाली एक फोड आला होता. दुखत नव्हता, म्हणून कुणाला सांगितले नाही. पुरुष डॉक्टरांना काय सांगणार? आणि मला तरी काय सांगणार?

ताई धावत वॉर्डात गेल्या. सिस्टरांनी पडदा ओढून पाहिले. डाव्या स्तनाखालच्या घडीत विडीचा चटका बसावा तशी एक काळी खपली होती, भोवती लालसर कडा. डॉक्टरांनी ती पाहिली आणि त्याच संध्याकाळी डॉक्सीसायक्लिन सुरू केले. आजाराचे नाव होते स्क्रब टायफस. त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपुरात आणि विदर्भात या आजाराची साथ आली, मृत्यूही झाले. वर्तमानपत्रांत तेव्हा हे नाव पुष्कळांनी पहिल्यांदाच वाचले.

हा आजार होतो कसा? गवत, झुडपे आणि ओलसर पालापाचोळा असतो तिथे माइट नावाचा बारीक जीव राहतो. हा गोचीड नव्हे. त्याची अळी सुमारे 0.2 मिलिमीटरची, सहज नजरेला न पडणारी. एरवी ही अळी उंदीर-घुशींच्या अंगावर जगते. माणूस गवतात बसला की ती त्याच्या अंगावर चढते आणि जिथे कातडी मऊ असते किंवा कपडा घट्ट असतो तिथे चावते. काख, जांघ, कंबर, गुडघ्यामागची घडी, कानाची मागची बाजू, करदोट्याखालची जागा. चावा कळतही नाही. त्यातून ओरिएन्शिया सुत्सुगामुशी नावाचा जंतू शरीरात जातो. बहुधा दहा-बारा दिवसांनी ताप येतो. एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार होत नाही, त्यामुळे रुग्णाला भेटायला जाण्यात भीती नाही.

आता गोंधळ कुठे होतो ते पाहा. हा जंतू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात शिरतो. अस्तर सुजले की बारीक वाहिन्या पाझरू लागतात. रक्तवाहिन्या तर सगळ्या शरीरात आहेत. यकृतावर परिणाम झाला की डोळे पिवळे होतात आणि घरचे म्हणतात, कावीळ. प्लेटलेट उतरल्या की डेंग्यूची शंका येते. फुप्फुसांत पाणी झिरपले की न्यूमोनिया वाटतो. मेंदूपर्यंत पोहोचला की बडबड, गुंगी, झटके. मग मेंदूज्वर म्हणतात आणि गावात कुणी बाहेरची बाधाही म्हणते. मूत्रपिंड थकले की लघवी कमी होते. आजार एक, पण तो पाच आजारांचे सोंग घेतो. गडचिरोलीत मलेरियाही आहे, त्यामुळे पहिला संशय तिकडेच जातो, आणि ते चूकही नाही.

तपासणीचीही एक अडचण आहे. वाइल आणि फेलिक्स या दोघांनी 1916 मध्ये शोधलेली जुनी तपासणी स्वस्त आहे, पण खरा आजार असूनही ती पुष्कळदा तो दाखवत नाही. एलायझा नावाची तपासणी अधिक भरवशाची. पण तीही शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते आणि ती तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून पहिल्या काही दिवसांत रिपोर्ट कोरा आला तरी आजार नाही असे म्हणता येत नाही. खपली हा मोठा पुरावा, पण ती प्रत्येकाला होत नाही, आणि सावळ्या अंगावर, घडीत लपलेली असेल तर मुद्दाम शोधल्याशिवाय दिसत नाही.

आणि उपचार? इथे आशेची गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर या आजाराने सैनिक आजारी पडत होते आणि त्यावर नेमके औषध नव्हते. 1948 मध्ये मलायात क्लोरॅम्फेनिकॉल लागू पडते हे सिद्ध झाले. आज डॉक्सीसायक्लिन हे स्वस्त, सरकारी दवाखान्यातही मिळणारे औषध वापरतात. गरोदर बाईला अझिथ्रोमायसिन देतात. वेळेवर दिले तर बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो. मात्र आयसीयूत एरवी चालणारी पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली महागडी इंजेक्शने या जंतूवर चालत नाहीत. म्हणून दाट शंका असेल तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टर औषध सुरू करतात.

आजार फार वाढलेल्या रुग्णांसाठी 2023 मध्ये एक महत्त्वाचा भारतीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचे नेतृत्व वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे होते, डॉ. आयडा स्कडर यांनी 1900 मध्ये लावलेले ते रोपटे. 794 गंभीर रुग्णांपैकी काहींना शिरेतून डॉक्सीसायक्लिन, काहींना अझिथ्रोमायसिन आणि काहींना दोन्ही औषधे सात दिवस दिली. एकच औषध मिळालेल्यांपैकी 47-48 टक्क्यांची स्थिती वाईट झाली, म्हणजे ताप हटला नाही, गुंतागुंत कायम राहिली किंवा मृत्यू आला. दोन्ही औषधे मिळालेल्यांत हे प्रमाण 33 टक्के होते. मृत्यूच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही, पण गुंतागुंतीतून रुग्ण लवकर बाहेर आले.

कोरचीच्या त्या बाईचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. फुप्फुसे सावरायला मात्र वेळ लागला. सहा दिवसांनी नळी निघाली. घरी जाताना तिने ताईंचा हात धरला. माझ्याकडे पाहून नुसती हसली.

मी त्या रात्री आमचे जुने रजिस्टर काढले. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये एकोणीस वर्षांचा एक मुलगा आमच्याकडून रुग्णालयात गेला होता आणि चौथ्या दिवशी वारला. माझ्या अक्षरात लिहिलेले होते: ‘ताप, कावीळ. शेतमजुरी.’ त्याला स्क्रब टायफस होता की नाही हे मला कधीच कळणार नाही. मी विचारलेच नव्हते. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर मी कितीतरी वेळा बोललो आहे. त्या वाटेवर तिघांनाही जखमी माणूस दिसला होता; जखमा पाहण्याइतका जवळ एकच गेला. मी तर फॉर्म भरून निघालो होतो.

आता आमच्या स्वयंसेवकांकडे एक कार्ड असते. तापाच्या रुग्णासोबत जाताना त्यावरचे पाच प्रश्न विचारायचे:

1. ताप कितव्या दिवसाचा आहे?
2. गेल्या तीन आठवड्यांत कुठे कुठे गेला होतात? गवत, जंगल, शेताचा बांध?
3. तिथे जमिनीवर बसलात किंवा झोपलात का?
4. अंगावर कुठे फोड, काळी खपली किंवा गाठ आहे का?
5. आतापर्यंत कोणकोणते औषध घेतले?

बाईला बाईने विचारावे, आणि शक्यतो तिच्या भाषेत. उत्तरे कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती द्यावीत. निदान आपण करायचे नाही, औषध आपण सुचवायचे नाही. जे पाहिले, ऐकले ते पोहोचवायचे.

गावातल्या सभांमध्ये काळजीचे उपायही सांगा. गवतात जाताना अंगभर कपडे घालावेत, उघड्या जमिनीवर झोपू नये, घरी आल्यावर आंघोळ करून कपडे धुवावेत, घराभोवतीचे गवत काढावे, उंदीर वाढू देऊ नयेत. ताप अंगावर काढू नये.

आपल्या देणग्यांतून प्रवासखर्च आणि जेवणखाण चालते, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. या तिमाहीत मात्र एक वेगळी मागणी आहे. आपल्या मंडळीत गोंडी, माडिया किंवा कोरकू बोलणाऱ्या भगिनी असतील, तर पाऊस थांबेपर्यंत आठवड्यातली एक दुपार त्यांनी आम्हाला द्यावी. वॉर्डाबाहेर एखाद्या नणंदेजवळ, एखाद्या आईजवळ चहा घेऊन बसायचे आहे. आमच्याकडे सध्या त्या एकच ताई आहेत.