दचकण्यापासून दाखविण्यापर्यंत

वर्धा नदीवरील ज्या पुलावरून पुलगावास त्याचे नाव मिळाले, त्यावरून जाणाऱ्या मालगाड्यांचा खडखडाट आमच्या ओसरीवर अहोरात्र ऐकू येतो. आणि नातीच्या पहिल्या वर्षाचा मागोवा घेण्यास मी, कारकुनीच्या जुन्या सवयीने ठेवलेली वही उघडतो, तेव्हा तोच आवाज तिच्यात पानोपानी भेटतो. मार्गशीर्षात ती जन्मली, त्या दिवसांत गाडी आली की ती दोन्ही हात पसरून दचकत असे. माघ सरता सरता तिची नजर स्थिरावली, मान सावरू लागली. वैशाखात ती पालथी पडली आणि ज्येष्ठात सातवा महिना लागताच उष्टावण झाले.

भाद्रपदातील नोंदी मात्र आज वाचताना मला खेद होतो. गोवर-रुबेलाची पहिली लस टोचून झाली, मूल हसतेखेळते होते, तरी ती रांगत नाही, बसल्या बसल्याच पुढे सरकते, आणि तिच्याहून लहान असलेली शेजारची मुलगी घरभर रांगते, एवढ्याच गोष्टीची तक्रार मी पंधरा दिवस रोज लिहिली. सूनबाई शांत होती. धीर सुटला होता तो माझा. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, जिच्यात दिल्लीतील बालकेही होती, आधाराविना चालण्याची मुदत सुमारे 8 महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेली आढळली, आणि शंभरांतील सुमारे चार मुले तर हातागुडघ्यांवर न रांगताच उभी राहिली, हे मला पुढे डॉक्टरांकडून कळले. निसर्गाने एवढी ऐसपैस मुदत दिली असता, आपण वडीलधाऱ्यांनी अर्भकाच्या हजेरीपटावर रोज लाल शाई का ओढावी?

वर्षाअखेर वजन जन्मवेळच्या जवळजवळ तिप्पट भरले. अश्विनात ती ज्वारीचा एकेक दाणा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत उचलू लागली, त्यामुळे घरातली जमीन दिवसातून चारदा झाडावी लागली.

परंतु साऱ्या वर्षातील सर्वांत मोलाची नोंद कार्तिकातील एका संध्याकाळची आहे. पुलावर गाडी वाजली, तिने तर्जनी त्या दिशेस उचलली, मग वळून माझ्या मुखाकडे पाहिले, आणि मी गाडी पाहिली अशी खातरजमा झाल्यावरच पुन्हा तिकडे पाहिले. तिला गाडी नको होती. ती मीही पाहावी, एवढीच तिची इच्छा होती. पहिल्या पावलाचे कौतुक सारे गाव करते; मला मात्र हे बोट त्याहून मोठे वाटते, कारण पुढील साऱ्या भाषेचे मूळ त्यात आहे. म्हणूनच वर्षाचे मूल हाकेस वळत नसेल, काही बडबडत नसेल, हाताने काहीच खुणावत नसेल, तर ‘बोलेल सावकाश’ असे म्हणून वेळ दवडू नये. बालरोगतज्ज्ञास अवश्य दाखवावे.

आज औक्षण झाले. संक्रांतीस बोरन्हाण आहे. घशात अडकतील अशी अखंड बोरे आणि शेंगदाणे त्यातून वगळण्याचे सूनबाईने ठरविले आहे. नात अजून भिंत धरूनच चालते. सायंकाळी गाडी आली, तिने बोट केले, मी ‘गाडी’ म्हणालो, ती ‘दा’ म्हणाली. वहीत मी ‘गाडी’ असेच लिहून तारीख घातली.