काचेच्या कपाटाबाहेरची दुर्बीण

संग्रहालयातल्या वस्तूंमध्ये सर्वांत जास्त अन्याय दुर्बिणीवर होतो. तलवार म्यानात असली तरी ती कशासाठी आहे हे लहान मूलही सांगेल. जातं, पालखी, अडकित्ता यांचंही तसंच. पितळेची लांब नळी, दोन्ही टोकांना काच आणि शेजारी घडवणाऱ्याचं नाव व साल लिहिलेली पाटी, एवढ्यावरून दुर्बीण मात्र कळत नाही. तिला जे दाखवायचं आहे ते अंधार पडल्यावर दिसतं, आणि तोवर संग्रहालयाला कुलूप लागलेलं असतं. म्हणून ज्या विज्ञान संग्रहालयाकडे चालू शकणारी जुनी दुर्बीण आहे, त्याने ती दर आठवड्याला लोकांसाठी आकाशाकडे वळवावी, असं माझं मत आहे. वर्षातून एकदा विज्ञान दिनाला रांग लावून भागत नाही.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात हे प्रत्यक्ष घडतं. पाणीपुरवठ्याच्या धंद्यात पैसा कमावलेल्या अँथनी शाबो यांनी १८८३ मध्ये शहराला ८ इंची भिंगाची दुर्बीण भेट दिली. ती अल्व्हान क्लार्क अँड सन्स या कारखान्यातली. जगातली सर्वांत मोठी भिंगाची दुर्बीण म्हणजे येर्किस वेधशाळेतली ४० इंची. तिचं भिंगही पुढे याच कारागिरांनी घासलं. ओकलंडच्या या दुर्बिणीचं नाव लिया. तिच्या जोडीला नंतर २० इंची रेचल आली. गावातले दिवे वाढत गेले तशी वेधशाळा दोनदा टेकड्यांकडे हलली, शेवटची २००० साली. लिया आणि रेचल आज शाबो विज्ञान केंद्राच्या संग्रहातल्या ऐतिहासिक वस्तू आहेत. तरीही शुक्रवार-शनिवारच्या रात्री, आभाळ मोकळं असलं की, लोकांनी त्यांतून फुकट पाहावं हा तिथला परिपाठ आहे.

पाहणाऱ्याला काय मिळतं? अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. ८ इंचाचं भिंग तिच्या ८०० पटींहून जास्त प्रकाश गोळा करतं. हे पाटीवर लिहिता येईल. पण २०० पट मोठं दाखवणाऱ्या नेत्रिकेला डोळा लावला आणि दुर्बीण जागेवर स्थिर ठेवली, तर शनी मिनिटभरात दृश्याच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला सरकत जाऊन दिसेनासा होतो. फिरते ती पृथ्वी. त्या काळच्या मोठ्या दुर्बिणींना खाली उतरणाऱ्या वजनावर चालणारं घड्याळयंत्र का जोडत, हे त्या मिनिटात समजतं; कपाटातल्या दुर्बिणीजवळ तीच दातेरी चाकं नक्षीकामासारखी वाटतात. तेजस्वी ताऱ्याभोवती दिसणारी जांभळट झाकही अशीच बोलकी आहे. दोन प्रकारच्या काचा जोडूनही सगळे रंग एका बिंदूत आणता येत नाहीत. पुढच्या काळात मोठ्या दुर्बिणी आरशांच्या का झाल्या, त्याच्या कारणांपैकी एक इथे डोळ्यांनी दिसतं.

आता ‘दर आठवड्याला’ हा हट्ट कशासाठी? कारण आकाश हे कायमस्वरूपी दालन नव्हे. शुक्ल अष्टमीच्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेवरच्या विवरांच्या लांब सावल्या पडतात. आठवड्याने पौर्णिमेला त्याच विवरांचा उठाव पुसला जातो. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये पृथ्वीवरून अगदी कडेने दिसत होती, म्हणजे जवळजवळ नाहीशीच झाली होती. आता ती वर्षागणिक उघडत जातील. एकदाच येणाऱ्याला ‘शनी असा असतो’ एवढंच कळतं, पुन्हा येणाऱ्याला बदल कळतो.

यावर पहिला आक्षेप जतन करणाऱ्यांचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही: वापराने वस्तू झिजते. फ्लॉरेन्सच्या गॅलिलिओ संग्रहालयात गॅलिलिओचं तडा गेलेलं भिंग हस्तिदंती चौकटीत बसवून ठेवलं आहे. ते पुन्हा नळीत घाला, असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. अशा एकमेव, जखमी वस्तूंच्या प्रतिकृती करून त्यांतून पाहावं. पण १९व्या शतकातल्या दणकट दुर्बिणीची गोष्ट वेगळी. प्रकाश आरपार गेल्याने काच झिजत नाही. तिला दव, धूळ आणि चुकीच्या हाताने केलेली सफाई नडते. जागीच राहिलेलं वंगण घट्ट होतं, धारवे जाम होतात. वापरात एखादा भाग बदलावा लागतो आणि तेवढी अस्सलता जाते, हे खरं. बदललेला भाग जपून ठेवावा आणि तशी नोंद करावी. तेवढी किंमत मला मान्य आहे.

दुसरा आक्षेप असा की हबल आणि वेब दुर्बिणींची चित्रं मोबाइलवर असताना वाटाण्याएवढा फिकट शनी पाहायला कोण येईल? निराश होणारे असतातच. पण ती चित्रं बऱ्याचदा अनेक गाळण्यांतून घेतलेल्या प्रतिमा जोडून, रंग ठरवून तयार होतात. नेत्रिकेत येतो तो सुमारे ८० मिनिटांपूर्वी शनीवरून निघालेला प्रकाश, मधे पडदा नाही. शहराच्या उजेडात आकाशगंगा दिसत नाही ही तक्रार रास्त आहे. चंद्र, ग्रह आणि जोडतारे मात्र त्या उजेडाला पुरून उरतात.

माझ्या लेखी सर्वांत मोठा मुद्दा माणसांचा. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी राहिली. तिथली डब्लिनच्या ग्रब कारखान्याची २० इंची आरशाची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. वेधशाळा चालवणारे प्राध्यापक कावसजी नेगामवाला यांनी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध जेऊरला जाऊन घेतले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणं कोडाईकनालला रवाना झाली. दुर्बिणीत काही बिघाड नव्हता. तिच्याभोवती दुसरी फळी तयार झालेली नव्हती. ओकलंडला हौशी मंडळी दर शुक्रवारी घुमट उघडतात, तेव्हा शेजारी उभा असलेला नवखा स्वयंसेवक दुर्बीण हळूच कशी फिरवायची, दव धरलं तर काय करायचं, हे शिकत असतो.